चिचुंद्रीचे वजन किती?



चिचुंद्री तुम्ही सर्वांनी पाहिली असेल. रात्री दिवे मालवले की ती चिक् चिक् करीत भिंतीच्या कडेकडेने पळते. खोलीच्या मधून ती सहसा जात नाही. ती गेली की मागे तिचा वास राहतो. पण तिची लांबी किती, वजन किती, हे फार थोड्या जणांना माहीत असते. बाईंनी वर्गात विचारले तेव्हा कोणी पाव किलो सांगितले, कोणी अर्धा किलो सांगितले. म्हणून या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी मी चिचुंद्रीची माहिती गोळा केली. काही बाईंनी सांगितली, काही पुस्तकात मिळाली, काही बाईंच्या मोबाईलवर वाचली. आणि वजन मात्र आम्ही स्वतः केले.

चिचुंद्री उंदीर नाही

चिचुंद्री हा सस्तन प्राणी आहे. ती पिल्लांना दूध पाजते. ती उंदरासारखी दिसते, पण उंदराच्या कुळातली नाही. तिचे शास्त्रीय नाव सुंकस म्युरिनस असे आहे. यातला म्युरिनस हा शब्द स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७६६ साली दिला. त्याचा अर्थ उंदरासारखी. उंदीर नव्हे, उंदरासारखी.

दोघांतला फरक असा आहे.

दात : उंदराला १६ दात असतात. पुढचे दात सारखे वाढत राहतात. ते झिजावेत म्हणून तो पोती, सुतळी, दप्तर, सगळे कुरतडतो. चिचुंद्रीला ३० दात असतात. ते बारीक आणि टोकदार असतात. किड्यांची टणक पाठ फोडायला ते उपयोगी पडतात. पोते कुरतडायला नाही.

पाय : उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटे दिसतात. चिचुंद्रीच्या पुढच्या पायाला पाच बोटे असतात. चुलीपुढे राख पसरून ठेवली तर सकाळी ठसे मोजता येतात.

तोंड : चिचुंद्रीचे नाक लांब असते आणि सारखे हलते. डोळे मोहरीच्या दाण्यासारखे. तिला डोळ्यांनी कमी दिसते. वास घेऊन आणि ऐकून ती वाट काढते.

शेपूट : मुळाशी जाड आणि टोकाला बारीक. त्यावर तुरळक लांब केस असतात. शेपूट अंगापेक्षा आखूड असते.

वास : तिच्या दोन्ही कुशींना ग्रंथी असतात. त्यातून तो वास येतो. वासामुळे मांजर तिला मारते पण बहुतेक वेळा खात नाही. आमच्या मांजरीने दोनदा असेच केले आहे.

चिचुंद्री झुरळे, नाकतोडे, रातकिडे, गांडुळे खाते. घरातले उघडे अन्नही खाते, म्हणून भांड्यावर झाकण ठेवावे. चिनी भाषेत तिला पैशांचा उंदीर अशा अर्थाचे नाव आहे, कारण तिचा आवाज नाणी खुळखुळल्यासारखा वाटतो.

आणखी एक गंमत. उंदराला उलटी होत नाही. चिचुंद्रीला होते. जपानमधील शास्त्रज्ञांनी हे १९८७ साली जगाला सांगितले. नंतर असेही दिसले की तिला हलवत ठेवले तरी उलटी होते, जशी आपल्यातल्या काहींना एस.टी.त होते. म्हणून आजारी माणसांना उलटी होऊ नये यासाठी जी औषधे शोधतात, त्या अभ्यासात चिचुंद्रीचा उपयोग झाला आहे.

आम्ही वजन कसे केले

आमच्या घरी धान्याच्या खोलीत पिंजरा लावतात. तो उंदरांसाठी असतो. एका रात्री त्यात चिचुंद्री सापडली. वडील म्हणाले, "बाईंना दाखव, पण हात लावायचा नाही." चिचुंद्री चावते. तिच्या अंगावर पिसवा असतात आणि त्यांच्यामुळे रोग होऊ शकतात. म्हणून पिंजरा वडिलांनीच उचलला. सकाळी सात वाजता आम्ही किराणा दुकानात गेलो. बाईपण आल्या. दुकानदार काकांनी काट्यावर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली आणि वर पिंजरा ठेवला.

काट्यावरचे आकडे थांबेनात. चिचुंद्री आत पळत होती. मग बाईंनी पिंजऱ्यावर गोणपाटाचा तुकडा टाकला. अंधार झाल्यावर ती गप्प बसली. काट्यावर ४६८ ग्रॅम आले. मी वहीत लिहिले.

लांबी मोजायला मी पिंजऱ्याच्या तारेला बाहेरून पट्टी लावली. ती कडेला ताणून उभी राहिली तेव्हा नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत १२ सेंटिमीटर झाले. शेपूट ७ सेंटिमीटर.

मग वडिलांनी गोठ्यामागे नेऊन पिंजऱ्याचे दार उघडले. ती लगेच बाहेर आली नाही. नाक बाहेर काढून वास घेत राहिली. नंतर एकदम कडब्याच्या गंजीखाली गेली. रिकामा पिंजरा आणि तोच गोणपाटाचा तुकडा आम्ही परत काट्यावर ठेवला. ४१४ ग्रॅम आले.

४६८ वजा ४१४ बरोबर ५४.

चिचुंद्रीचे वजन ५४ ग्रॅम. पुस्तकात मोठ्या चिचुंद्रीचे वजन साधारण ३० ते ८० ग्रॅम दिले आहे. नर मादीपेक्षा जड असतो. काही नर १०० ग्रॅमच्याही पुढे जातात. म्हणजे आमची चिचुंद्री मधली होती.

आजीला ५४ ग्रॅम म्हणजे किती ते कळत नव्हते. ती म्हणाली, "छटाकभर जीव तो, त्याला काय तोलता?" मग मी आजीलाच जुनी मापे विचारली. आठ गुंजांचा एक मासा. बारा मासे म्हणजे एक तोळा. पाच तोळ्यांची एक छटाक. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. म्हणजे छटाक सुमारे ५८ ग्रॅमची. चिचुंद्री ५४ ग्रॅमची. आजीने काट्याशिवाय बरोबर सांगितले होते.

माझे वजन किती चिचुंद्र्या

वर्गात मुले मला चिचुंद्री म्हणतात. डॉक्टर शाळेत तपासणीला आले होते तेव्हा माझे वजन २२ किलो भरले. वर्गात सर्वांत कमी. मी पळाले की मागून चिक् चिक् असा आवाज काढतात. मला ते आवडत नाही. बाईंनी हे गणित फळ्यावर सर्वांना घातले : २२ किलो म्हणजे २२,००० ग्रॅम. त्याला ५४ ने भागा. उत्तर ४०७ आले आणि बाकी २२ उरली. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात मी बसले तर दुसऱ्या पारड्यात ४०७ चिचुंद्र्या घालाव्या लागतील, तरी माझे पारडे २२ ग्रॅमने खालीच राहील. ज्यांना मला चिचुंद्री म्हणायचे असेल त्यांनी हे गणित आधी करून दाखवावे.

आता लहानापासून मोठ्यापर्यंत वजने लिहिते. घरातला लहान उंदीर १५ ते २० ग्रॅम. चिचुंद्री साधारण ५० ग्रॅम. आढ्यावर पळतो तो मोठा काळा उंदीर १०० ते २०० ग्रॅम. घूस मोठी झाली की अर्ध्या किलोच्या पुढे जाते.

जगातली सर्वांत लहान चिचुंद्री

आपली चिचुंद्री तिच्या जातीत लहान नाही. ती राक्षसासारखी मोठी आहे. जगात तिची एक बहीण आहे. तिचे नाव एट्रुस्कन चिचुंद्री. इटली देशात पूर्वी एट्रुरिया नावाचा भाग होता, त्यावरून हे नाव पडले. इटलीच्या पाओलो सावी या शास्त्रज्ञाने १८२२ साली तिचे वर्णन केले. ती दक्षिण युरोपात राहते, उत्तर आफ्रिकेत राहते आणि आपल्या भारतातही आढळते.

तिचे अंग शेपूट सोडून सुमारे ४ सेंटिमीटर असते. वजन सुमारे १.८ ग्रॅम. आजीच्या मापाने हे १५ गुंजा झाले. रुपयाचे जे नाणे २०११ साली निघाले ते ३.७९ ग्रॅमचे आहे. म्हणजे एका रुपयाच्या वजनात अशा दोन चिचुंद्र्या बसतात. आमच्या ५४ ग्रॅमच्या चिचुंद्रीच्या वजनाला तिच्यासारख्या ३० लागतील.

सर्व सस्तन प्राण्यांत वजनाने सर्वांत लहान हीच आहे. लांबीने सर्वांत लहान म्हणून थायलंडमधल्या एका वटवाघळाचे नाव सांगतात. ते ३ सेंटिमीटरच्या आसपास लांब असते आणि वजन साधारण २ ग्रॅम भरते.

आफ्रिकेच्या जंगलांत आणि माळांवर चिचुंद्र्यांच्या पुष्कळ जाती आहेत. काही बटू आहेत, २ ते ३ ग्रॅमच्या. आफ्रिकेतच काँगोच्या बाजूला एक आपल्या चिचुंद्रीएवढी किंवा थोडी मोठी जात आहे. तिच्या कण्याचे मणके एकमेकांत दात्यांसारखे अडकलेले असतात. त्यामुळे तिची पाठ फार मजबूत असते. तिच्या पाठीवर एक मोठा माणूस उभा राहिला तरी ती मेली नाही, असे १९१७ साली छापलेल्या वृत्तांतात आहे. आपण असे करून पाहू नये. आपल्या चिचुंद्रीची पाठ तशी नाही.

आणि आपली चिचुंद्रीही आफ्रिकेत गेली आहे. जुन्या काळी जहाजांतल्या मालाबरोबर ती आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मादागास्करला आणि मॉरिशसला पोहोचली. तिकीट न काढता.

लहान अंगाला भूक जास्त

लहान प्राण्याला कमी खायला लागत असेल असे वाटते. पण तसे नाही. हे बाईंनी ठोकळ्यांनी समजावले. तुम्हीही करून पाहा.

गणिताच्या पेटीतले १ सेंटिमीटरचे ८ ठोकळे घ्या. ते जोडून एक मोठा ठोकळा करा. त्याच्या बाहेरून दिसणाऱ्या चौरसांची संख्या मोजा. एका बाजूला ४ चौरस. बाजू ६. म्हणजे २४ चौरस. आता तेच ठोकळे सुटे करा. एका ठोकळ्याचे ६ चौरस. आठांचे ४८. लाकूड तेवढेच आहे, पण बाहेरची बाजू दुप्पट झाली.

अंगातली ऊब बाहेरच्या बाजूने, म्हणजे कातडीतून जाते. उकडलेले बटाटे ताटात ठेवा. लहान बटाटा आधी गार होतो, मोठा आतून गरम राहतो. बशीत ओतलेला चहा कपातल्या चहाच्या आधी निवतो. चिचुंद्री म्हणजे लहान बटाटा आणि हत्ती म्हणजे मोठा बटाटा. सस्तन प्राण्याचे अंग आतून गरम राहावे लागते. चिचुंद्रीची ऊब लवकर जाते. म्हणून तिला सारखे सरपण लागते. तिचे सरपण म्हणजे किडे. मुंगी याहून लहान असते, पण मुंगीला अंग गरम ठेवायचे नसते. म्हणून तिचे चालते.

एट्रुस्कन चिचुंद्री एका दिवसात आपल्या वजनाच्या दीडपट ते दुप्पट खाते. मी तसे खायचे ठरवले तर मला रोज निदान ३३ किलो खावे लागेल. आईची एक बाजरीची भाकरी आम्ही तोलली. ती ११० ग्रॅमची भरली. म्हणजे मला रोज ३०० भाकरी लागतील. आई म्हणाली, "मग भाकरी थापायला तूच बस."

तिचे हृदयही फार वेगाने चालते. एका मिनिटात १,५०० ठोके पडू शकतात. एक सेकंदात २५. मी माझी नाडी मोजली तर मिनिटाला ८८ आली. हत्तीचे हृदय मिनिटाला सुमारे ३० ठोके देते. थंडीत खायला मिळाले नाही तर ही चिचुंद्री थोडा वेळ अंग गार करून निपचित पडते आणि सरपण वाचवते. सस्तन प्राणी याहून फार लहान होऊ शकत नाही, असे शास्त्रज्ञ म्हणतात. कारण मग कितीही खाल्ले तरी ऊब पुरणार नाही. आफ्रिकेचा मोठा नर हत्ती ६ टनांचा असतो. एका हत्तीच्या वजनाला २ ग्रॅमच्या ३० लाख चिचुंद्र्या लागतील. पण त्या ३० लाख जणी हत्तीपेक्षा कितीतरी जास्त खातील.

पिंजऱ्यातली चिचुंद्री

हे सगळे मी का सांगते ते आता लिहिते.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या पिंजऱ्यात आधी एक चिचुंद्री सापडली होती. त्या दिवशी सकाळीच आम्ही सगळे श्रीरामपूरला लग्नाला गेलो. रात्री उशिरा परत आलो. पिंजऱ्यात ती मेलेली होती. तिला कोणी मारले नव्हते. जखम नव्हती. आतला भाकरीचा तुकडा एका बाजूने थोडा उकरलेला होता, पण तसाच पडला होता. आजी म्हणाली, "एका दिवसात कशी काय गं मेली? उंदीर तर दोन दोन दिस राहतो." तेव्हा कोणालाच उत्तर देता आले नाही.

ठोकळ्यांचा धडा झाला त्या दिवशी मी घरी जाऊन आजीला उत्तर सांगितले. आजीला ठोकळे नव्हते म्हणून बटाट्यांनी सांगितले. लहान अंग, ऊब लवकर जाते, सारखे खावे लागते. दिवसभर पाणी नाही, किडे नाहीत, वरून भीती. आजीने ऐकले आणि म्हणाली, "मंजी उपासानं गेली ती." मग थोड्या वेळाने म्हणाली, "झुरळं तीच खायची व्हय?"

आमच्या भागात ऊस आहे, गहू आहे, घरोघर धान्य असते. म्हणून पिंजरे आणि उंदराचे औषध लागतेच. उंदीर पोती फोडतो, त्याचे नुकसान खरे आहे. पण औषधाला कोण खाणार ते कळत नाही. पिंजऱ्यालाही कळत नाही. ते माणसालाच पाहावे लागते.

चिचुंद्रीची पिल्ले आईच्या मागे रांगेने चालतात. पहिले पिल्लू आईच्या शेपटीच्या मुळाशी तोंडाने धरते, दुसरे पहिल्याला धरते, तिसरे दुसऱ्याला. श्रीरामपूरला फाटकापाशी मालगाडी जाते तशी ही गाडी भिंतीच्या कडेने जाते. आई पिंजऱ्यात अडकली तर गाडीचे इंजिन गेले. डबे तिथेच राहतात.

आता आमच्या घरी वडील झोपण्याआधी एकदा आणि पहाटे धारेला उठले की एकदा पिंजरा पाहतात. मोठ्या चिचुंद्रीचे वजन करून सोडली ती याच नियमाने वाचली. सर्वांनी असे करावे :

१. पिंजरा लावला तर रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा पाहावा. सर्व जण गावाला जाणार असतील तर पिंजऱ्याचे दार बंद करून ठेवावे.

२. आत काय आहे ते ओळखावे. लांब हलते नाक, बारीक डोळे, आखूड जाड शेपूट आणि वास असेल तर ती चिचुंद्री.

३. हात लावू नये. मोठ्या माणसाने पिंजरा गोठ्यामागे किंवा बांधाला नेऊन दार उघडावे. तिला वेळ द्यावा. ती आधी वास घेते, मग जाते.

४. नंतर हात साबणाने धुवावेत. पिंजरा उन्हात ठेवावा.

५. घरात झुरळे आणि उघडे अन्न नसेल तर चिचुंद्री आपोआप कमी येते.

या कागदाच्या डाव्या कडेला मी दोन रेघा मारल्या आहेत. लांब रेघ १२ सेंटिमीटरची आहे, ती आमची चिचुंद्री. आखूड रेघ ४ सेंटिमीटरची आहे, ती एट्रुस्कन चिचुंद्री. दोन्ही शेपूट सोडून आहेत. आपले बोट रेघेवर ठेवून पाहावे, पण कृपया शाई पुसू नये.

कोणाच्या घरी पिंजऱ्यात घूस सापडली तर बाईंना लगेच सांगावे. पुढच्या अंकासाठी तिचे वजन करायचे आहे. दुकानदार काका काटा देणार आहेत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर